गिरगावातून कोणी कोणाला काढत नाही

ठाकूरद्वारच्या नाक्यापासून प्रार्थना समाजापर्यंतचे अंतर पायी जेमतेम पाव तासाचे. त्या वाटेवर आज तीन काळ एकाच वेळी उभे दिसतात: टेकू दिलेली लाकडी जिन्याची चाळ, हिरव्या जाळीत गुंडाळलेले बांधकाम, आणि नुकतेच भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला मनोरा. या मनोऱ्यांच्या समर्थनार्थ एक विधान हमखास ऐकू येते. ते असे, की इथे कुणाला हुसकावले जात नाही. जुन्या भाडेकरूला त्याच जागी, पूर्वीपेक्षा मोठे आणि मालकी हक्काचे घर, एक पैसाही न भरता मिळते. ज्या दिवशी किल्ली हातात पडते त्या दिवसापुरते हे विधान बहुतेक ठिकाणी खरे असते. प्रश्न दहाव्या वर्षाचा आहे, आणि त्या दहाव्या वर्षाची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्रणेवर नाही.

चाळीबद्दलचा हळवेपणा आधीच बाजूला ठेवलेला बरा. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे पाण्यासाठी बादल्यांची रांग, रात्री बाथरूमला जाताना बाईमाणसाला वाटणारी धास्ती, हे सगळे चाळीचेच वास्तव आहे. चाळसंस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांत चाळ सोडून पार्ल्याला वा ठाण्याला गेलेल्यांची संख्या लक्षणीय असते, हे नोंदवायला हरकत नाही. शिवाय या इमारती पडतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली. जुलै २०२० मध्ये फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग खचून दहा जण गेले. तेव्हा स्वतंत्र संडास असलेल्या पक्क्या घराची भाडेकरूची मागणी न्याय्य आहे, आणि पुनर्विकास नको असा युक्तिवाद मी करत नाही. ज्या आर्थिक रचनेवर हा पुनर्विकास उभा आहे तिचे परिणाम तपासायचे आहेत.

ती रचना समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. फाळणीच्या आणि घरटंचाईच्या काळात त्याला आधार होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढींवर अर्धशतक जगला. भाडे गोठलेले आणि दुरुस्तीचा खर्च दर वर्षी वाढता, अशा स्थितीत इमारत जपण्यात मालकाला काहीच स्वारस्य उरले नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात प्रमाणित भाड्याच्या त्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी ठरवल्या. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि तोवर चोरीछुपे चालणाऱ्या पागडीला कायदेशीर मान्यता दिली. पण साठ-सत्तर रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती, हा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. दरम्यान १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणला; सुरुवातीला १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. उपकर आणि शासनाचे अनुदान मिळून जमणारा पैसा इतक्या जीर्ण इमारतींपुढे अपुराच होता, त्यामुळे मंडळाचे काम मुख्यतः टेकू लावण्याचे आणि कोसळल्यावर संक्रमण शिबिरात पोचवण्याचे राहिले.

मालकाकडे पैसा नाही, भाडेकरूकडे नाही, सरकारला तो घालायचा नाही. या तिढ्यावर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ३३(७) या कलमातून जी वाट काढली ती आजही, विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये, मूलतः तीच आहे: चटईक्षेत्र हेच चलन. विकासकाने प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मोफत द्यायचे. त्याबदल्यात मिळालेले जादा बांधकाम बाजारात विकून खर्च आणि नफा काढायचा. भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक त्याच्या ५० टक्के प्रोत्साहन, यांत जे जास्त ते अनुज्ञेय. अनेक भूखंड एकत्र केले तर प्रोत्साहन ६० ते ७० टक्क्यांपर्यंत. सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही, म्हणून ही योजना प्रत्येक सरकारला आवडली.

या सूत्रात एक विसंगती दडलेली आहे. जिथे भाडेकरू जास्त, तिथे पुनर्वसन क्षेत्र जास्त. जिथे पुनर्वसन क्षेत्र जास्त, तिथे त्याच्या प्रमाणात विक्रीचे क्षेत्रही जास्त. म्हणजे जो भूखंड आधीच सर्वाधिक दाटीचा, त्यालाच सर्वाधिक नवी दाटी मिळते. समजा, एखाद्या चाळीच्या पुनर्वसनालाच भूखंडाच्या अडीचपट बांधकाम लागले. निम्म्याने प्रोत्साहन धरले की ते पावणेचारपट होते, त्यावर ३५ टक्के फंजिबल चटईक्षेत्र चढले की पाचपटीच्या घरात जाते, आणि जिने, उद्वाहनाच्या मार्गिका, वाहनतळाचे मजले यांतले बरेचसे क्षेत्र मोजणीत येतच नाही. हे सगळे उभे राहते ते ज्या गल्लीतून हातगाडी आणि टॅक्सी एकमेकींना वाट देत जातात त्या गल्लीवर. चटईक्षेत्र भूखंडाच्या आणि भाडेकरूंच्या संख्येच्या हिशेबाने मिळते; गल्लीची रुंदी, मलवाहिनीचा व्यास किंवा पाणी येण्याचे तास यांच्या हिशेबाने ते कमी होत नाही. समूह विकासाच्या ३३(९) कलमाचा हेतू हाच दोष दूर करण्याचा होता, पण शहरात किमान ४,००० चौरस मीटरची सलग जागा, तिथले सगळे मालक, त्यांचे आपापसांतले दावे आणि शेकडो संमतिपत्रे जुळवणे गिरगावातल्या वाड्यांत फार अवघड जाते. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर अडीचशेच्या आसपास इमारतींचा समूह एकत्र आला तो एका समाजाच्या धार्मिक नेतृत्वाने पुढाकार घेतला म्हणून. तशी एकमुखी सत्ता गिरगावात नाही. (ती असावी असेही नाही.) त्यामुळे इथे एकेक सुटा भूखंड, आणि त्यावर पेन्सिलीसारखा एकेक मनोरा, हाच रिवाज राहणार.

रस्त्यालगतच्या जीवनावर याचा पहिला परिणाम होतो तो वाहनतळामुळे. विक्रीच्या सदनिकेचा ग्राहक गाडीशिवाय येत नाही, निदान असे गृहीत धरूनच किंमत ठरते. म्हणून खालचे पाच-सहा मजले पोडियमला जातात. मोकळी जागाही मग वर चढते. मनोरंजनाचे मोकळे मैदान पोडियमच्या गच्चीवर दाखवून चालणार नाही, ते जमिनीवरच हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सांगितले होते. पण चारपाचशे चौरस मीटरच्या भूखंडावर, इमारतीभोवती अग्निशमन बंब फिरेल एवढी जागा सोडल्यावर, जमिनीवर उरते तरी किती? दर्शनी बाजूला जुन्या दुकानदारांचे गाळे परत मिळतात, हे मान्य. मात्र पात्रता ठरते भाडेपावतीवर. जिन्याखालचा किल्लीवाला, ओट्यावरची फुलवाली, एका खोलीत दहा-बारा जणांची खानावळ चालवणारी बाई, कॉटबेसिसवर राहणारी नोकरदार मुले, पोटभाडेकरू या कोणाकडेही पावती नसते. यादीत ते नसतात, म्हणून मोबदल्यात नसतात, आणि म्हणून विस्थापितांतही मोजले जात नाहीत.

मागच्या पावसाळ्याआधी एका नव्या इमारतीच्या फाटकाशी पाहिलेला प्रसंग यंत्रणेचा एक लहान भाग दाखवतो. चिराबाजाराकडून पाटी घेऊन येणारी कोळीण नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे निघाली होती. रखवालदार उद्धट मुळीच नव्हता. "मावशी, फ्लॅट नंबर सांगा, वरून ओके आलं की सोडतो," एवढेच म्हणाला. तिला मजला आठवत होता तो जुन्या चाळीचा. शेवटी पंधराव्या मजल्यावरच्या आजींना इंटरकॉमवरून खाली बोलावले गेले. त्या उद्वाहनाची वाट पाहून खाली येईपर्यंत मावशी पुढच्या वाडीला लागली होती. चाळीच्या गॅलरीतून ती एका फेरीत पंधरा-वीस दारे करत असे. आता एका दारामागे दहा मिनिटे जातात आणि तिच्या धंद्याचे गणितच बसत नाही. वर राहणाऱ्या आजींना मात्र आता मासळी ॲपवरून, किमान रकमेची मागणी आणि पोचवणावळ भरून घ्यावी लागेल. फिरते विक्रेते, शेजारणीकडे तासभर ठेवलेले मूल, आजाऱ्याच्या उशाशी आळीपाळीने बसणारे शेजारी या सगळ्यांतून चाळीतल्या कुटुंबाला जी सेवा मिळत होती तिचे मोल कुठल्याच हिशेबात धरलेले नव्हते. ती बंद झाली की तिची किंमत रोख पैशात समोर येते.

रोख पैशाचा मुख्य प्रश्न मात्र देखभाल शुल्काचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण रचनेतला सर्वांत कमजोर दुवा तोच. चाळीत भाडेकरूचा मासिक बोजा शंभर-दोनशे रुपयांत आटोपत होता, कारण देखभाल जवळपास होतच नव्हती. उंच इमारत असे दुर्लक्ष सोसत नाही. उद्वाहने, पाणी चढवणारे पंप, अग्निशमनाची टाकी व फवारे, जनित्र, सामाईक वीज, यांत्रिक वाहनतळ, सुरक्षा, सफाई यांतले काहीही बंद ठेवता येत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ नुसार तर दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची भर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि निक्षेप निधी किमान ०.२५ टक्के. पुनर्वसनातल्या छोट्या सदनिकेचा बांधकाम खर्च १८ लाख रुपये धरला, तर नुसत्या या दोन निधींचे महिन्याला १,५०० रुपये होतात, रखवालदाराचा पगार अजून मोजलेला नाही. सेवाशुल्क आणि उद्वाहनाचा खर्च क्षेत्रफळावर नव्हे, तर सदनिकांमध्ये समान वाटायचा असतो. म्हणजे विक्रीच्या बाजूच्या बाराशे चौरस फुटांच्या घराएवढाच वाटा तीनशे चौरस फुटांच्या घरालाही.

विकासक यावर दोन उपाय पुढे करतात. एक, पुनर्वसन आणि विक्री यांच्या शाखा, फाटके, उद्वाहने आणि संस्थाही वेगळ्या ठेवायच्या. यामुळे महागड्या सुविधांचा भार छोट्या सदनिकांवर पडत नाही हे खरे, पण त्याच वेळी मोठा खर्च वाटून घ्यायला सधन सभासदही उरत नाहीत, आणि पुनर्वसनाची शाखा काटकसरीच्या बांधकामानिशी व गरीब सभासदांनिशी एकटी पडते. दुसरा उपाय कॉर्पस निधीचा. करारात ठरलेली एकरकमी रक्कम संस्थेकडे ठेवायची आणि व्याजातून देखभाल भागवायची. समजा भाडेकरूमागे ५ लाख रुपये मिळाले आणि ७ टक्के व्याज सुटले, तर महिन्याला सुमारे २,९०० रुपये होतात, आणि पहिल्या वर्षी ३,००० रुपयांचे देखभाल शुल्क त्यातून जवळजवळ पूर्ण निघते. बैठकीत विकासकाचा माणूस हाच तक्ता दाखवतो, आणि तो चुकीचा नसतो. त्यात फक्त एकच वर्ष असते. पगार, वीज आणि यंत्रांचे कंत्राट मिळून खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर नऊ वर्षांत तो दुप्पट होतो, व्याज मात्र २,९०० वरच थांबते. दहाव्या वर्षाच्या सुमाराला महिन्याला तीन हजारांहून अधिक रक्कम खिशातून घालावी लागते. नेमक्या त्याच सुमाराला उद्वाहनांची आणि यांत्रिक वाहनतळाची मोठी दुरुस्ती निघते, आणि रेरा कायद्यातली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी तोवर संपलेली असते. पुनर्वसनातले रहिवासी त्या कायद्याखाली संरक्षणास पात्र ग्राहक ठरतात का, यावरच आधी वाद घातला जातो.

आता हे कोणाच्या खिशातून जायचे ते पाहावे. गिरगावच्या जुन्या भाडेकरूंमध्ये छापखाने, पेढ्या, गिरण्या, छोट्या कंपन्या यांतून निवृत्त झालेली माणसे आणि त्यांच्या विधवा बऱ्याच आहेत. ईपीएस-९५ योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता करात पूर्ण माफी मिळाली, हा या कुटुंबांना खरोखरच मोठा दिलासा आहे, आणि तो नसता तर वर सांगितलेली ओढाताण बऱ्याच आधी सुरू झाली असती. पण कर माफ करता येतो, उद्वाहनाचे बिल माफ करता येत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या एका इमारतीच्या सूचनाफलकावर थकबाकीदारांची यादी लावलेली पाहिली. नावे नव्हती, फक्त सदनिका क्रमांक होते, आणि एक-दोन सोडले तर सारे पुनर्वसनाच्या मजल्यांचे होते. एका फलकावरून अनुमान काढू नये. तरी इतर ठिकाणीही तपासून पाहावे असे वाटायला तो पुरेसा आहे.

अशा कुटुंबापुढे तर्काने जे पर्याय उरतात ते कोणीही ओळखेल. घर भाड्याने देऊन त्या भाड्यात डोंबिवली, बदलापूर किंवा विरारला राहायचे, किंवा विकून मुलांमध्ये वाटणी करायची. ११ वर्षे एका खोलीवरून भांडणाऱ्या तीन भावांना विक्री हा न्यायालयापेक्षा सोपा तोडगा वाटतो, आणि तो चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही. संक्रमणाचा काळ ही वाट आणखी सुकर करतो. तीन वर्षे सांगून पाच-सात लागणे नवे नाही. विकासकाचा पैसा आटला की भाड्याचे धनादेश थांबतात. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरासाठी दीड दशकाहून अधिक काळ वाट पाहिली. ते प्रकरण उपनगरातले आणि वेगळ्या योजनेतले होते, पण एकदा चाळ पाडली की सौदा करण्याची भाडेकरूची ताकद शून्यावर येते हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसले. एवढ्या काळात मुलांच्या शाळा बदलतात, सुनांच्या नोकऱ्या नव्या ठिकाणच्या लोकलला बांधल्या जातात, म्हाताऱ्यांचे डॉक्टर बदलतात. घर तयार झाल्यावर परत येणे हा मग भावनेचा निर्णय राहतो, व्यवहाराचा नाही. त्यातच भूमिगत मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू होऊन गिरगावला स्वतःचे स्थानक मिळाले. याचा फायदा रहिवाशाला आहेच, पण त्याच फायद्यामुळे घराची विक्रीकिंमत आणि अपेक्षित भाडे वाढते, म्हणजे तिथे राहण्यासाठी त्याला सोडून द्यावी लागणारी रक्कम वाढते.

या प्रक्रियेला 'मराठी माणूस हद्दपार' असे नाव देण्याची राजकीय सवय आहे. ते नाव अर्धेमुर्धे बरोबर आहे, कारण गिरगावात या थरातले बहुसंख्य भाडेकरू मराठी आहेत. पण यंत्रणा भाषा पाहत नाही. त्याच इमारतीतला पागडीवरचा गुजराती कारकून किंवा कच्छी पेढीवरचा निवृत्त मुनीम याच वाटेने बाहेर जातो. विकत घेणारा कोणत्या भाषेचा आहे याने दहाव्या वर्षाच्या देखभाल बिलात फरक पडत नाही. भाषेच्या चौकटीत प्रश्न मांडला की उत्तरही विक्रीच्या घरांत आरक्षणासारखे सुचते. त्याने घर टिकवू न शकणाऱ्या मूळ भाडेकरूचे काहीच होत नाही.

अडचण अशी की ही गळती मोजलीच जात नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे मनोऱ्यांची जी लाट आपण पाहतो आहोत तिच्या काळाचा एकही अधिकृत आकडा हाती नाही. तो आल्यावरही बंद घर कोणाचे आणि भाड्याने दिलेले कोणाचे हे त्यातून कळणार नाही. २०११ मध्येच मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी नोंदली गेली होती. म्हाडाच्या दप्तरी पुनर्वसन 'पूर्ण' झालेले असते. संस्थेच्या दप्तरी सभासदत्वाचे रीतसर हस्तांतर असते. विकणारा स्वखुशीने विकतो, मुद्रांक शुल्क भरले जाते, दस्त नोंदला जातो. प्रत्येक पायरी कायदेशीर आणि ऐच्छिक, आणि एकत्रित परिणाम मात्र तोच, जो उघडपणे करायचा म्हटला असता तर एकही सरकार धजावले नसते.

याचा पुढचा टप्पा काय असेल त्याचा अंदाज, पुरेशा सावधपणे, करता येतो. मध्यम उत्पन्नाचा थर पातळ झाला की त्याच्यावर चालणाऱ्या मराठी शाळा, वाचनालये, घरगुती खानावळी यांचे गिऱ्हाईक घटते आणि त्या बंद पडतात. त्या बंद पडल्या की उरलेल्यांना राहण्याचे आणखी एक कारण कमी होते. गणेशोत्सव आणि पाडव्याची शोभायात्रा बहुधा टिकतील, किंबहुना आणखी दिमाखदार होतील, कारण बदलापूरहून एका दिवसासाठी येता येते. त्या दिवसाची गर्दी पाहून गिरगाव आहे तसेच आहे असा निष्कर्ष काढला जाईल. दुसऱ्या बाजूला, ज्या पुनर्वसन शाखा सधन खरेदीदारांनी अजून घेतलेल्या नाहीत तिथे थकबाकी साचेल, उद्वाहनाचे कंत्राट लांबणीवर पडेल, आणि पंधरा-वीस वर्षांत मोडकळीस आलेल्या उंच इमारतींचा एक नवा वर्ग तयार होईल. चार मजली चाळीला बाहेरून टेकू देता आला. बावीस मजल्यांना तो देता येत नाही, आणि तिथे पुन्हा पुनर्विकास करायचा तर विकायला चटईक्षेत्र उरलेले नसेल.

२०२० च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात आलेल्या ७९-अ कलमामुळे मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूंना आणि शेवटी दुरुस्ती मंडळाला पुढाकार घेता येतो. ३३(७) साठी ५१ टक्के संमती पुरते. दोन्ही तरतुदींनी पुनर्विकासाचा वेग वाढेल. वेग वाढत असताना किमान दोन गोष्टी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीत. कॉर्पसची रक्कम विकासकाच्या इच्छेवर न सोडता पंधरा वर्षांच्या अंदाजित देखभाल खर्चावरून, वाढीचा दर धरून काढावी, आणि ती भोगवटा प्रमाणपत्राआधी वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय विक्रीच्या घरांची नोंदणी होऊ नये. यामुळे विकासकाचा नफा कमी होईल, काही भूखंड अव्यवहार्य ठरतील, आणि त्या ठिकाणी सरकारला स्वतःचा पैसा घालावा लागेल, जे त्याने तीन दशके टाळले आहे. दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. पात्र भाडेकरूंची यादी म्हाडाकडे असते, खरेदीविक्रीची सूची-२ नोंदणी व मुद्रांक विभागाकडे असते, भाडेकरारही तिथेच नोंदतात. ताब्यानंतर पाचव्या आणि दहाव्या वर्षी या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर प्रत्येक इमारतीत मूळचे किती राहिले हे एका संगणकीय तक्त्यावर दिसेल. हे काम कोणत्याही विभागाला आजवर सोपवलेले नाही.